ग्लासाला ग्लास

स्टाफरूममधले सगळे मोबाईल एकदम थरथरले. कुणाचा टेबलावरच्या काचेवर, कुणाचा खणात, कुणाचा खुर्चीवर टाकलेल्या कोटाच्या खिशात. यन-सुकने हातातली लाल पेन्सिल खाली ठेवून वाचलं : मुख्याध्यापक सन्वू सरांच्या मातोश्री सकाळी गेल्या, बंदराकडच्या इस्पितळाच्या तळघरात शोकदालन मांडलं आहे, शाळा सुटल्यावर सर्वांनी यावं. खुर्च्या सरकल्या, थोडं 'अरेरे' झालं. कोण कुणाच्या गाडीतून जाणार ते उपमुख्याध्यापक मेंग सरांनी उभ्याउभ्याच ठरवून टाकलं. "प्यो बाई, कॅलम सरांना तुम्ही आणा," हेही त्यात आलं, नेहमीच येतं तसं. शाळेत तिला सगळे प्यो बाई म्हणत. आणि कॅलम सर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा, न्यूझीलंडहून इंग्रजी शिकवायला आलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा उंचच उंच पोरगा. या घटकेला तो आपला मोबाईल तिच्या नाकासमोर धरून उभा होता. "बाई, हे काय आलंय? कुणाला काही झालं का?" तिने इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. सन्वू सर त्याला आवडायचे. जेवणाच्या हॉलमध्ये ते स्वतःच्या ताटातला मासा काटे काढून त्याच्या भातावर ठेवायचे. "मी अशा ठिकाणी कधी गेलो नाही," तो म्हणाला. "काय करायचं असतं? तुम्ही सांगाल तसं करतो." आणि इथे, काही ठरवायच्या आतच, यन-सुक बोलून गेली, "काही नाही हो. पार्टीसारखंच असतं."

"पार्टीसारखं?"

"जेवण असतं, दारू असते. लोक रडत बसत नाहीत आपल्याकडे. मेंग सर बाहेर जेवायला नेतात तेव्हा कसे वागता? तसेच वागा. मुख्याध्यापकांना जरा बरं वाटेल."

"मग कपडे बदलायला नकोत?" त्याने आपल्या मोहरीच्या रंगाच्या कॉर्डरॉय जाकिटाकडे पाहिलं.

"कशाला? छान दिसताय."

बोलून झाल्यावर ती पुन्हा वह्यांकडे वळली. छातीत धडधड व्हायला हवी होती, ती झाली नाही. दिवसभर पाय आवळणारा बूट कुणाचं लक्ष नसताना टेबलाखाली काढून ठेवावा, तसं हलकं वाटलं. मे महिन्यापासून ती वाट पाहत होती आणि कशाची ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. वाट पाहताना तिने कॅलमशी हसून बोलायचं सोडलं नव्हतं, सकाळी कॉफीचा कागदी पेला त्याच्या टेबलावर ठेवायचं सोडलं नव्हतं. त्याची कामाची मुदत फेब्रुवारीत संपत होती. आणखी एक वर्ष त्याला ठेवायचं की परत पाठवायचं ते याच आठवड्यात ठरणार होतं. विचारणार मेंग सर, पण शब्द चालणार सन्वू सरांचा. त्या म्हाताऱ्या माणसाच्या मनातून हा पोरगा कसा उतरवायचा, यावर यन-सुकने रात्री नवऱ्याचं घोरणं ऐकत पुष्कळ विचार केला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. आता त्यांची आई गेली होती आणि सगळं आपसूक जुळून येत होतं. आपण काय विचार करतोय हे लक्षात आल्यावर ती थोडी दचकली. पण थोडीच.

गाडीत तो पुढे बसला. त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने ती सीट मागे सरकवून ठेवली होती आणि तेव्हापासून नवरा त्या जागेला जावईबापूंची गादी म्हणत असे. नोव्हेंबरातला लवकरचा अंधार पडत होता. खाडीवरून वारा येत होता आणि रस्त्याकडेच्या गिंको झाडांची पिवळी पानं काचेवर चिकटत होती. कॅलम गप्प होता. दुःखाच्या ठिकाणी जाताना गप्प बसावं एवढी जाण त्याच्याकडेही असणार, असं तिच्या मनात आलं आणि ते तिने तिथल्या तिथे झटकून टाकलं. याला कुठल्याही चांगुलपणाचं श्रेय द्यायचं नाही, हे तिने शिस्तीने पाळलं होतं. तो पहिल्यांदा बस स्टँडवर दोन बॅगा आणि एक गिटार घेऊन उतरला तेव्हा थंडीने त्याचे कान लाल झाले होते. तिनेच त्याला घरी नेलं, पांघरुणं घेऊन दिली, गॅसवाल्याला बोलावलं, भात शिजवायचं भांडं घेऊन दिलं. दाढ दुखली तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे त्याचा हात धरून, अक्षरशः हात धरून, ती बसली होती. आणि रात्रीचे फोन! "बाई, कपडे धुवायच्या यंत्राचं हे कुठलं बटण? बाई, दारावर कुणीतरी आलंय, काय म्हणतंय कळत नाही." नवरा ताटावरून म्हणायचा, "घे, जावईबापूंचा फोन. मुलगी नाही आपल्याला हे सांगितलंस का त्यांना?" तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा सैन्यातली सक्तीची नोकरी करत सीमेवर कुठेतरी बर्फ उपसत होता, महिन्यातून एकदा फोन करायचा. हा मात्र रोज करायचा, आणि त्या दिवसांत तिला ते आवडायचं. हे आठवलं की तिला सगळ्यात जास्त चीड येई, त्याची नव्हे, स्वतःची.

मग मे महिन्यातला तो नमुना पाठ. शिक्षण खात्याच्या पर्यवेक्षकबाई येणार, गावातल्या सगळ्या शाळांचे इंग्रजीचे शिक्षक येणार, वर्गाच्या मागच्या भिंतीशी खुर्च्या मांडणार. रिकामं झालेलं विभागप्रमुखपद त्या तासावर ठरणार हे शाळेतल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. यन-सुकने तीन आठवडे घासून तो तास बसवला. मुलांकडून दोनदा रंगीत तालीम करून घेतली, कुणी कधी हात वर करायचा, कुणी चुकायचं, म्हणजे ती प्रेमाने दुरुस्त करू शकेल, हे सगळं ठरवलं. तसंच करतात. मागे बसलेल्या प्रत्येकाने ते केलेलं असतं आणि प्रत्येकाला ते माहीत असतं. पाहुणे यायचे म्हणून घर झाडून घेतो, अंथरुणं कपाटात कोंबतो, त्याला कुणी फसवणूक म्हणतं का? पाहुणाही कपाट उघडून बघत नाही. कॅलम दोन्ही तालमींना हजर होता, खडू हातात घेऊन हसत उभा होता, आणि तो काही बोलला नाही म्हणजे त्याला कळलं, असं तिने गृहीत धरलं. ही तिचीच चूक. त्या दिवशी, पाठ सुरू होऊन थोडा वेळ झाला, मुलं पोपटासारखी बोलत होती, पर्यवेक्षकबाई मान डोलावत होत्या, आणि हा गृहस्थ मध्येच टाळी वाजवून म्हणाला, "अरे, हे तर आपण काल केलं! परवाही केलं! सगळी उत्तरं पाठ आहेत तुम्हाला. चला, आज काहीतरी खरं करू या." आणि हसला. मुलांनी तिच्याकडे पाहिलं. मागची एक अख्खी रांग एकदम आपापल्या मांडीवरच्या कागदात डोकं खुपसून बसली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. "प्यो बाई, तुमच्यापासून सुरुवात करू," तो म्हणाला, "तुम्ही शिक्षिका नसता तर काय झाला असता?" बावीस वर्षं ती इंग्रजी शिकवत होती. प्रश्न तिला शब्द न् शब्द कळला. पण त्या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती, आणि मागे चाळीस माणसं कागद वाचल्याचं नाटक करत होती. तिचं तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटली, आणि बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी... मी शिक्षिका आहे." तेव्हा मुलं हसली. खदखदून हसली. तास संपल्यावर याने तिच्या खांद्यावर थोपटलं. चारचौघांसमोर, तिच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाने. "मजा आली ना? आज मुलं खरी वाटली." आणि ती म्हणाली, "हो, मजा आली."

विभागप्रमुखपद कु बाईंना मिळालं. कु बाई तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तिनेच हाताखाली तयार केलेली. आता सोमवारच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसायच्या आणि दर वेळी तिला गोड आवाजात विचारायच्या, "प्यो बाई, तुमच्याकडून काही सांगायचंय का?"

सगळ्यात वाईट हे होतं की त्याला काही पत्ताच नव्हता. तिला दुखावलं असतं आणि त्याला ते ठाऊक असतं तर दोघांमध्ये काहीतरी नातं तरी उरलं असतं. वैराचं का होईना. पण हा दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर चॉकलेट ठेवून गेला, शिटी वाजवत. तेव्हापासून तिला एक सवय लागली, आणि त्या सवयीत भलती गोडी होती. स्टाफरूममध्ये, त्याच्यासमोर, चेहऱ्यावर हसू ठेवून ती आपल्या भाषेत त्याच्याबद्दल बोलायची. "बघा, कसा म्हशीसारखा चरतोय." "अहो, आज आंघोळ केलेली दिसत नाही, वास येतोय." कु बाई तोंडावर हात धरून हसायच्या. तो मान वर करून तिच्याकडे पाहून हसायचा, आणि तीही हसायची. त्याला मोजून चार शब्द येत होते : नमस्कार, धन्यवाद, तिखट आहे, आणि प्यायच्या वेळचं 'कनबे'. ते चौथं तिनेच त्याला पहिल्या पार्टीत शिकवलं होतं, दोन्ही हातांनी ग्लास धरून, आपला ग्लास मोठ्यांच्या ग्लासाच्या किंचित खाली ठेवून. तो ते फार छान करायचा. सन्वू सर खूश व्हायचे.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिला अचानक भूक आठवली. भूक लागली नव्हती, आठवली. फार वर्षांपूर्वी सरकारने निवडक शिक्षकांना महिनाभर ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं, तिथे ती एका कुटुंबात राहिली होती. पहिल्या रात्री घरमालकीण म्हणाली, "काही खाणार?" यन-सुक म्हणाली, "नको." पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग ती आग्रह करणार, मग आपण पुन्हा नको म्हणायचं, मग ती ताट पुढे सरकवणार. पण त्या बाईने "बरं" म्हटलं आणि दिवा बंद करून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या रात्री यन-सुकने बॅगेतलं वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट अंधारात बसून संपवलं, कागद चुरगळल्याचा आवाज होऊ नये म्हणून पांघरुणाखाली. ती बाई वाईट नव्हती. तिने फक्त सांगितलं नाही. एवढ्याने माणूस परमुलखात किती केविलवाणा होतो ते यन-सुकला तिथे कळलं होतं. ते आठवून कुणाला वाटेल, हिचं मन द्रवलं असेल. द्रवलं नाही. उलट तिला वाटलं, आपण शिकलो ते वाया गेलं नाही. सिग्नल हिरवा झाला. वाटेवर एक कपड्यांचं दुकान होतं, तिथे काळा टाय मिळाला असता. ती गाडी न थांबवता पुढे गेली.

शोकदालनाच्या जिन्यापाशी पांढऱ्या शेवंतीची उंच पुष्पचक्रं ओळीने उभी होती, त्यांच्यावर शाळांच्या, खात्याच्या, कुठल्या मच्छीमार संघाच्या नावांच्या फिती. लिफ्टजवळच्या टपरीत काळे टाय आणि काळे मोजे टांगून ठेवले होते. कॅलमने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. "प्यो बाई?" तो म्हणाला. तेवढ्यात कु बाई आणि मेंग सर समोरून आले, दोघंही गळ्यापासून टाचेपर्यंत काळ्या कपड्यांत. कु बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "अगं बाई! हे काय घालून आलेत? लग्नाला निघाल्यासारखे."

"मी सांगितलं होतं," यन-सुक आपल्या भाषेत म्हणाली, आणि तिच्या आवाजात दमलेल्या आईचा वैताग उतरला, जो तिला अजिबात ओढूनताणून आणावा लागला नाही. "दोनदा सांगितलं. ऐकेल तर शपथ."

कॅलमचा चेहरा लाल झाला. तळघरात उकडतंय, तिला वाटलं.

चपला-बूट काढायची वेळ आली आणि त्याच्या बुटांतून मोजे बाहेर आले : हिरवे, त्यांच्यावर कलिंगडाच्या फोडी. मेंग सरांनी डोळे मिटून घेतले. आत सन्वू सर जमिनीवर बसले होते, काळ्या सुटाच्या बाहीवर सुतकाची, जाड्याभरड्या तागाची पट्टी. एका दिवसात त्यांचं तोंड आतल्या आत ओढल्यासारखं झालं होतं. वर फोटोत त्यांची आई, फिक्या निळ्या पारंपरिक पोशाखात, कॅमेऱ्यावर विश्वास नसल्यासारखी बसलेली. सगळे वयाप्रमाणे रांगेत उभे राहिले. गुडघे टेकून, कपाळ हातांवर ठेवून फोटोला दोनदा नमस्कार, मग घरच्यांना एकदा. यन-सुक वाट बघत होती, हा दुसऱ्या नमस्काराला उठून चालू लागेल, किंवा हसेल, किंवा हात पुढे करेल. पण त्याने तसं काही केलं नाही. तो तिच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता आणि ती जे करेल ते किंचित मागून करत होता. ती वाकली की वाकत होता, ती थांबली की थांबत होता. वर्षभर याने असंच निभावलंय, तिच्या लक्षात आलं. त्याला चुकवायचं तर तिला स्वतःला चुकावं लागलं असतं. त्याचे कलिंगडाचे तळवे म्हातारीच्या फोटोसमोर उताणे पडले होते आणि सन्वू सरांनी ते पाहिलं. पाहिलं, आणि काहीच वाटलं नाही त्यांना. किंवा वाटायला जागाच उरली नसेल. उलट त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

जेवणाच्या दालनात जमिनीवर बुटकी टेबलं, टेबलांवर पांढरा प्लास्टिकचा कागद. तिखट लाल रस्सा आला, भात आला, उकडलेलं डुकराचं मांस, शेंगदाणे, सोजू दारूच्या हिरव्या बाटल्या. शेजारच्या टेबलावर म्हातारीच्या माहेरचे लोक खरोखरच मोठ्याने गप्पा मारत होते. एका दृष्टीने ती खोटं बोलली नव्हती. मेंग सरांनी सगळ्यांचे ग्लास भरले. सगळे आपापला ग्लास उचलून, ग्लासाला ग्लास न लावता, मोठ्यांसमोर पिताना वळवतात तशी मान वळवून प्याले. अशा ठिकाणी कुणी ग्लास भिडवत नाही. लहान मुलालाही ते सांगावं लागत नाही. कॅलमने आपला ग्लास उचललाच नाही. तो मुकाट जेवत होता आणि कुणाकडे बघत नव्हता. पाहुण्यांमधून वाट काढत सन्वू सर त्यांच्या टेबलाकडे यायला निघाले. यन-सुकला दिसलं की आता ते बसतील, दोन घोट घेतील, याच्या वाटीत मांसाचा तुकडा टाकतील आणि उठून जातील. आणि फेब्रुवारी येईल, आणि हा इथेच असेल. आतापर्यंत तिने फक्त सांगितलं नव्हतं, किंवा अर्धवट सांगितलं होतं. ती त्याच्याकडे झुकली आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "मुख्याध्यापक येतायत. उभे राहा. ग्लास भरून त्यांच्या ग्लासाला लावा आणि 'कनबे' म्हणा. मोठ्याने. गेलेल्या आईच्या नावाने तसं म्हणतात. ते वाट बघतायत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नमुना पाठाच्या दिवसापासून त्याने तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं, किंवा तिनेच पाहू दिलं नव्हतं. डोळे निळे होते, हे तिला नव्याने दिसलं. मग तो उठला. सन्वू सर टेबलापाशी टेकत होते, मेंग सर त्यांच्यासाठी अर्धा ग्लास भरत होते. कॅलमने आपला ग्लास काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी धरला, सरांच्या हातातल्या ग्लासाच्या किंचित खाली नेला, अगदी शिकवला होता तसा, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कनबे!"

काचेचा बारीकसा आवाज झाला. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. माहेरच्या टेबलावरची हसणारी बाई हसता हसता थांबली. कुणीतरी घसा खाकरला. सन्वू सर हातातल्या ग्लासाकडे बघत राहिले, हा आपल्या हातात कुणी दिला अशा नजरेने, आणि त्यांनी तो हळूच खाली ठेवला. यन-सुकच्या पोटात काहीतरी गरम, गोड, भरभरून पसरलं. झालं! एवढंच तर हवं होतं. तिने मान वर केली, त्याचा पडलेला चेहरा बघण्यासाठी, आणि तिला दिसलं की त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"प्यो बाई," मेंग सर म्हणाले. ओरडले नाहीत. "परक्याला काय कळणार? पण तुम्ही?"

कु बाईंनी घाईघाईने टेबल पुसायला घेतलं, तिथे काहीच सांडलेलं नव्हतं. हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. इतके महिने मनात मांडे खाल्ले, पण हे तिच्या डोक्यात आलं नाही. जो बोट धरून चालतो तो पडला की शरम बोट देणाऱ्याची, हे इथल्या कुठल्याही माणसाला पायरी उतरतानाही आठवतं, आणि ती विसरली होती. तिचं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. मुलं हसली तेव्हाचा वर्ग तिला ऐकू येऊ लागला.

आणि तिच्या डोक्यावरून, उभ्याउभ्याच, कॅलम बोलला. इंग्रजीत नाही. त्यांच्या भाषेत, सावकाश, प्रत्येक शब्दावर पाऊल टाकत, आदराची सगळी रूपं जागच्या जागी ठेवून. "बाईंनी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, सर." आणि तो कंबरेतून वाकला, आणि सन्वू सरांनी "असू दे, असू दे" म्हणेपर्यंत वाकलेलाच राहिला. "बसा," ते म्हणाले. "जेवण गार होतंय."

मेंग सरांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? आपल्या भाषेत! आणि अंगावर घेतलं पोरानं." मग माहेरच्या टेबलाकडे वळून त्यांनी ते पुन्हा मोठ्याने सांगितलं. कुणीतरी म्हातारा म्हणाला, आपली पोरंसुद्धा आजकाल अशी वाकत नाहीत. पुन्हा रस्सा आला. यन-सुकच्या हातात चमचा होता आणि तिला तो तोंडापर्यंत नेता येत नव्हता. दोनदा सांगितलं. लिफ्टपाशी तिने जे म्हटलं होतं ते शब्द न् शब्द तेच. म्हणजे त्याला कळत होतं. आज कळलं, की केव्हापासून? म्हशीसारखा चरतोय, हे कळलं होतं? वास येतोय, हे? मान वर करून तो हसायचा ते काय समजून हसायचा? तिने सगळे महिने एकेक करून पालथे घातले आणि प्रत्येक ठिकाणी तो तिला हसत बसलेला दिसला. हे त्याने मुद्दाम केलं असतं, तिला तोंडघशी पाडलं असतं, तर तिला बळ आलं असतं. पण त्याने तिला वाचवलं होतं, सगळ्यांदेखत, तिच्याच खोट्याने, आणि यासाठी ती त्याला जन्मात माफ करणार नव्हती. समोर तो डुकराच्या मांसाला कांद्याची पात गुंडाळत होता. मेंग सर त्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होते. तो मान डोलावत होता.

बाहेरच्या कट्ट्यावर बसून तो बुटांच्या नाड्या बांधत होता तेव्हा ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. बाकीचे पुढे गेले होते. शेवंतीचा वास थंडीत दाटून राहिला होता. काय बोलायचं ते ठरवून ती आली नव्हती. तो मान वर न करता, त्यांच्याच भाषेत म्हणाला, "कपड्यांचं मला लिफ्टपाशीच कळलं."

तिने पुढे गेलेल्या मेंग सरांकडे नजर टाकली.

"मग तुम्ही उभं राहायला सांगितलं. मला वाटलं, आता नाही. माणसाची आई गेलीय, इथे तरी प्यो बाई असं करणार नाहीत." त्याने नाडी ओढून गाठ मारली. "म्हणून उठलो."

राग तुझा, लाज माझी, बावीस वर्षं, चाळीस माणसं, खांद्यावरचा हात, असं सगळं तिच्या घशाशी आलं. मे महिन्यापासून घोकून ठेवलेली वाक्यं होती ती, दोन्ही भाषांत. "कॅलम सर," ती म्हणाली. शेवटी ती म्हणाली, "थंडी आहे. चला, घरी सोडते."

"नको. बसने जातो." एकदाच म्हणाला, आणि तिने पुन्हा विचारायची वाट पाहिली नाही. तो उठला. उभा राहिला की तिला मान वर करून बघावं लागे. "मेंग सरांनी आत्ताच विचारलं, आणखी एक वर्ष राहणार का म्हणून. मुख्याध्यापकांचीही इच्छा आहे म्हणाले. मी हो म्हटलं. पण एक सांगितलं, माझ्याबरोबर वर्गावर प्यो बाईच हव्यात. दुसरं कुणी नको."

"का?" तिने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा तिला त्याचं उत्तर खरोखर ऐकायचं होतं.

"तुमच्याकडून खूप शिकलो ना मी," तो म्हणाला आणि हसला. छान, मोकळं, दात दाखवून. ते हसू यन-सुकच्या ओळखीचं होतं. मे महिन्यापासून रोज सकाळी त्याच्या टेबलावर कॉफी ठेवताना ती स्वतः तसंच हसत आली होती. पुढून मेंग सरांची हाक आली, "काय प्यो बाई, ऐकलंत ना? नशीब काढलंत. आभार तरी माना त्यांचे!" कु बाई थांबून बघत होत्या. यन-सुकने दोन्ही हात पोटाशी धरले, कंबरेतून वाकली, आणि त्याच्या बुटांकडे बघत म्हणाली, "धन्यवाद, कॅलम सर."